वरून बंद आहे

मे २०२५ मधली रेशनची एक पावती मी अजून जपून ठेवलीय. मशीनच्या गुळगुळीत कागदावरची शाई उडत चाललीय, तरी आकडा वाचता येतो. १५ किलो. आमच्या कार्डावर ५ माणसं आहेत: सासूबाई, आमचे मालक, मी, आठवीतली मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ. त्या दिवशी १० किलो कमी आलं.

मी म्हटलं, "भाऊ, काहीतरी चुकलं बघा." दुकानदारांनी मशीन माझ्याकडं वळवलं. सासूबाई आणि मुलगा, या दोन नावांपुढं केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी दिसत होती. "एप्रिलअखेरची मुदत होती ताई. माझ्या हातात काही नाही. वरून बंद आहे."

हे तीन शब्द पुढचे चार महिने मी ऐकत राहिले. तहसीलच्या पुरवठा शाखेत ऐकले, पंचायत समितीत ऐकले, बँकेत ऐकले. प्रत्येकाचं 'वर' वेगळं होतं. आणि तरी आमची जी कामं शेवटी झाली, ती तालुक्यातच झाली. तालुक्यातल्या माणसांनाच ती करता येत होती. कोणत्या दारात कोणता कागद दिल्यावर काय हललं, ते जसं घडलं तसं लिहितेय.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. दिवाळी आली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आमचे मालक टोळीबरोबर कोल्हापूर जिल्ह्यात जातात. लग्नानंतर सात-आठ वर्षं मीही कोयता धरला. मुलगा झाल्यावर गावात राहिले आणि आता सरकारच्या उमेद अभियानात सीआरपी, म्हणजे गावातलीच गटांना मदत करणारी कार्यकर्ती म्हणून बचत गटांचं काम बघते. फॉर्म, झेरॉक्स, सह्या यात माझे दिवस जातात. असं असून आमच्याच घरातली दोन नावं अडकली.

मालकांनी त्यांची केवायसी हिवाळ्यातच तिकडच्या एका दुकानात करून घेतली होती. कार्ड कुठलंही असलं तरी राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात ती होते, हे टोळीतल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. माझी आणि मुलीची गावात झाली. सासूबाईंचा अंगठा मात्र लागेना. डिसेंबरची मुदत गेली, फेब्रुवारीची गेली, मार्चची गेली, आणि दर वेळी मुदत वाढली म्हणून आम्हीही निवांत राहिलो.

त्या अंगठ्याबद्दल सांगायलाच हवं. सासूबाईंनी चाळीस वर्षं ऊस तोडलाय. कोयत्याची मूठ आणि पाचटाची धार यांनी त्यांच्या बोटांच्या टोकावरच्या रेषा खाल्ल्यात. उजवा अंगठा हातात घेऊन बघितला तर मधला भाग नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आहे आणि कडेनं उभ्या भेगा आहेत. भेगांत काळं बसलेलं, कितीही घासलं तरी न निघणारं. दुकानदार ओल्या फडक्यानं बोट पुसायचे, मग खोबरेल तेलाचं बोट लावायचे, मग परत पुसायचे. मशीनची काच उजळायची, विझायची. एक बोट, दुसरं, तिसरं, दहाच्या दहा झाली. मागं रांग. चौथ्या-पाचव्या खेपेला सासूबाईंनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "बोटं तर हायेत की माय, मग लागंना कशानं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपलंच काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटत होतं, आणि ते मला सहन झालं नाही.

मुलाची गोष्ट वेगळी. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचं निळं आधार काढताना बोटांचे ठसे घेतच नाहीत, नुसता फोटो घेतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे द्यायला परत जावं लागतं, आणि पाच ते सात या वयात ते फुकट होतं. आम्ही गेलोच नव्हतो. म्हणजे त्याचा अंगठा कॉम्प्युटरमध्ये नव्हताच, जुळणार कशाशी? मोबाईलवरच्या 'मेरा ई-केवायसी' ॲपमध्ये चेहरा दाखवून बघितला. आधारवर त्याचा फोटो आठ महिन्यांचा असतानाचा, टक्कल केलेला. तेही जमलं नाही.

एवढ्यात दुसरी बातमी आली. पावसाळा लक्षात घेऊन जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचं धान्य एकदमच वाटायचं ठरलं होतं. एरवी ही चांगलीच गोष्ट; आमच्या वाडीचा रस्ता पावसात तुटतो. पण आमच्या घरापुरता हिशेब केला तेव्हा पोटात गोळा आला. दोन माणसांचं तीन महिन्यांचं ३० किलो. ३० जूनच्या आत ती दोन नावं चालू झाली नाहीत, तर सप्टेंबरपर्यंत विषयच संपला.

घरकुलाचं दुखणं याच वेळचं. सासूबाईंच्या नावानं प्रधानमंत्री आवास योजनेत घर मंजूर झालं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यभर लाखो मंजुरीपत्रं एकदम वाटली, त्यात त्यांचंही होतं. १ लाख २० हजारांचं अनुदान, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. पहिला हप्ता १५ हजारांचा, तो लगेच जमा झाला. पहिला हप्ता आला की काम सुरू करा, जागेवर फोटो काढू, असा तगादा असतो. मालक मार्चमध्ये तोडीवरून आले आणि आम्ही जुनं दगड-मातीचं घर पाडलं. उचलीतले (तोडीसाठी आगाऊ घेतलेले) उरलेले पैसे आणि गटाचं कर्ज घालून जोतं बांधलं. एप्रिलमध्ये घरकुलाचे इंजिनिअर येऊन जोत्याचा फोटो काढून गेले. दुसरा हप्ता आला की भिंती उचलायच्या. तोवर शेजारी जुन्या पत्र्यांचं शेड केलं, वर ताडपत्री, त्यात चूल.

मे महिन्यात असा पाऊस येईल असं कुणाच्याच मनात नव्हतं. त्या वर्षी तो आषाढासारखा पडला. एका रात्री ताडपत्री फाटली, गव्हाची गोणी भिजू नये म्हणून मुलीनं ती पोटाशी धरली आणि रात्रभर तशीच बसली. सकाळी बघितलं तर जोत्यात भरलेली माती एका कोपऱ्यानं वाहून गेलेली.

पंचायत समितीत गेले. घरकुलाच्या टेबलावर उत्तर मिळालं, "निधी नाही. वरूनच बंद आहे. आला की खात्यात पडेल." हे खोटं नव्हतं, त्या आठवड्यात कुणालाच हप्ता पडत नव्हता. पण घर पाडून बसलेल्या माणसाला 'आला की पडेल' याचं काय करायचं, हे त्या टेबलावर कुणी बोललं नाही.

ते बोलणं झालं आमच्या ग्रामपंचायतीत. आमच्यासारखी घर पाडून उघड्यावर असलेली चार कुटुंबं होती. मी सरपंचांकडं गेले. ग्रामसेवक म्हणाले (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), समाजमंदिर राहायला देण्याची तरतूद नाही, उद्या कुणी आक्षेप घेतला तर मी अडचणीत. सरपंच थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मासिक सभेत ठराव घेऊ. तात्पुरता निवारा, पावसाळा संपेपर्यंत. सगळ्यांच्या सह्या." आणि तसा ठराव झाला. दोन खोल्या चार कुटुंबांत वाटून घेतल्या, मधे साड्या बांधल्या. नळाचं पाणी, लाईट. घर बांधून झालं नाही, पण लेकरं कोरडी झोपली. ग्रामसेवकांची भीती खरी होती, हे मी मान्य करते. सह्या करणाऱ्या सगळ्यांनी ती वाटून घेतली.

आता तहसील. पुरवठा शाखेत पहिल्या खेपेला सांगितलं, आधार अपडेट करून या. आधार केंद्रावर दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी नेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलाचे ठसे घेतले, अपडेट व्हायला महिनाही लागू शकतो म्हणाले. सासूबाईंचे ठसे तिथंही उमटले नाहीत. ती स्लिप घेऊन परत पुरवठा शाखेत गेले. कारकून म्हणाले, "मग थांबा. झाल्यावर या."

मी विचारलं, "साहेब, तोवरचं धान्य?"

"वरून बंद आहे."

"मग तेवढं लिहून द्या, की या दोन नावांचं धान्य केवायसी नसल्यामुळं बंद केलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लिहून कसं देणार? तसा आदेश माझ्याकडं नाही."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ते वाक्य मनात परत परत घोळवलं. धान्य बंद होतं, आणि बंद करायचा कागद मात्र कुणी द्यायला तयार नव्हतं. रेशनच्या प्रश्नावर बरीच वर्षं काम करणाऱ्या एका ताईंना तिथूनच फोन लावला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. केंद्राच्या अन्न विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ लाच राज्यांना कळवलंय, की आधार नाही किंवा ठसे जुळत नाहीत एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याचं धान्य नाकारू नका. अशांची नोंद वेगळ्या रजिस्टरला ठेवून धान्य द्या. आणि दुसरं, ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळावरून केवायसी होते. नव्या मशीनबरोबर त्यासाठीचं स्कॅनर दिलेलं असतं, दुकानदाराला विचारा.

संध्याकाळी विचारलं. दुकानदारांनी आतून एक खोकं आणलं. त्यात स्कॅनर प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. कसं जोडायचं ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. तेव्हा क्विंटलमागं १५० रुपये कमिशन होतं, त्यात दुकानभाडं, हमाली, लाईट. कमी धान्य गेलं की त्यांचंही कमिशन कमी होतं. रांगेतली शिवी मात्र पहिली त्यांनाच बसते.

त्या आठवड्यात गटांच्या बैठका होत्या. हप्ते-बचतीचं झाल्यावर मी विचारलं, या महिन्यात कुणाला धान्य कमी आलं? हात वर होत गेले. कुणाची सासू, कुणाची दोन लहान लेकरं, एका नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, एकीच्या नवऱ्याची तोडीला गेल्यामुळं राहिलेली केवायसी. बहुतेकींना वाटत होतं की हे आपल्या एकटीचंच झालंय आणि चूक आपलीच आहे. चार गटांत मिळून २३ घरं निघाली.

आधी वाटलं, सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन द्यावं. ताईंनी अडवलं. लोकशाही दिनात (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस) वैयक्तिक तक्रारच घेतात, सामूहिक निवेदन बाजूला पडतं. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मग मुलीला घेऊन दोन रात्री बसले. २३ अर्ज, प्रत्येकाचं कारण वेगळं. कार्डाचा १२ अंकी नंबर, किती माणसं, मे महिन्यात किती किलो मिळायला हवं होतं, किती मिळालं, आणि २०१७ च्या पत्राचा दिनांक. सोबत पावतीची झेरॉक्स. हे आवर्जून सांगते: मशीनची पावती दोन-तीन महिन्यांत फिकी पडायला लागते, त्यामुळं मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आमच्यातल्या सहा जणींकडं पावतीच नव्हती. दुकानात फेकून दिलेली. त्यांच्या अर्जाला सगळ्यात कमी जोर आला.

मेच्या शेवटी सगळे अर्ज आवक-जावक टेबलावर दिले. तिथल्या बाई एकाच अर्जावर शिक्का मारून बाकीचे जोडून घेते म्हणाल्या. मी उभी राहिले. "प्रत्येकाची पोच वेगळी द्या मॅडम, घरं वेगळी आहेत." पाऊण तास लागला, पण २३ शिक्के पडले आणि २३ आवक क्रमांक माझ्या वहीत आले.

१६ जूनला लोकशाही दिन होता. आम्ही नऊ जणी आणि सासूबाई, जीपनं. तहसीलदार मॅडम वयानं लहान, नव्यानंच आलेल्या. पहिला अर्ज सासूबाईंचाच निघाला. मॅडमनी वाचला, सासूबाईंना जवळ बोलावलं, आणि म्हणाल्या, "आजी, हात दाखवा." सासूबाईंनी दोन्ही पंजे उघडून टेबलावर ठेवले. मॅडमनी काहीच विचारलं नाही. बोटांकडं बघितलं, मग पुरवठा निरीक्षकांकडं बघितलं. "डोळ्याचं स्कॅनर दुकानांना दिलंय ना आपण?" "दिलंय मॅडम." "किती दुकानांत चालू आहे?" यावर निरीक्षकांना लगेच उत्तर देता आलं नाही.

तिथंच ठरलं. २४ जूनला आमच्या गावात शिबिर. पुरवठा निरीक्षक चालू स्कॅनर घेऊन येतील, आधारचं किट येईल, आणि ज्यांचं कशानंच होणार नाही त्यांची नावं रजिस्टरला घेतील. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, घरकुलवालेही त्याच दिवशी आले तर बरं होईल. माणसं तीच आहेत." त्या म्हणाल्या, पंचायत समिती माझ्याकडं नाही. पण समोरच गटविकास अधिकाऱ्यांना फोन लावला. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम त्या फोननं झालं. धान्य तहसीलकडं, घरकुल पंचायत समितीकडं, पैसा बँकेकडं, आणि उपाशी किंवा भिजलेलं घर मात्र एकच असतं. ते घर तीन ठिकाणी तीन वेळा आपली गोष्ट सांगत फिरतं.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली. सकाळी अकराची वेळ होती, माणसं आठपासून बसलेली. स्कॅनर दुर्बिणीसारखं, दोन डोळ्यांना लावायचं. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पहिल्यांदा झालं नाही, दुसऱ्यांदा नाही. मी मनातून खचले. मुलगा म्हणाला, "आज्जी, डोळा मोठा कर की, रागावल्यावर करतेस तसा." सासूबाईंनी डोळे वटारले आणि मशीन वाजलं. व्हरांडाभर माणसं हसली. सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

मुलाचं आधार अजून अपडेट होऊन आलं नव्हतं. त्याचं नाव रजिस्टरला घेतलं. रजिस्टरचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण तिथं आम्ही कमी पडलो. नाव लिहिलं गेलं, पण धान्य निघालं नाही. मशीनमध्ये जेवढी नावं चालू तेवढाच साठा कापता येतो, आणि वहीतल्या नावाचं धान्य कोणत्या खात्यातून द्यायचं याचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. पत्र २०१७ चं असो की कधीचं, गोदामातून पोतं हलवणारा कागद वेगळाच लागतो.

तीन महिन्यांचं धान्य मी तोवर उचललं नव्हतं. शेजारी सांगत होते, मिळेल ते घेऊन ये, दुकानातला साठा संपेल. दोन आठवडे रोज तो घोर होता. २८ जूनला गेले. मशीनवर चार नावं आली होती. ६० किलो. मालकांनी आणि मी दोन फेऱ्यांत समाजमंदिरात आणलं आणि गोण्या भिंतीपासून वीतभर लांब, लाकडावर रचल्या.

त्याच शिबिरात घरकुलाचा गुंता कळला. जूनच्या मध्यापासून गावात काहींचे हप्ते पडायला लागले होते, आमचा नव्हता. इंजिनिअरांनी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "तुमचा निघाला होता, परत गेलाय. खातं निष्क्रिय आहे." ज्या खात्यात फेब्रुवारीत १५ हजार आले, ते जूनमध्ये निष्क्रिय कसं? खातं जनधनचं, दहा वर्षांपूर्वी उघडलेलं. दहा वर्षांनी परत केवायसी द्यावी लागते, ती दिली नव्हती, म्हणून मधल्या काळात बँकेनं बंद केलेलं. कुणी कळवलं असेल तर ते मेसेजनं, आणि मेसेज गेला असेल तो मालकांच्या जुन्या नंबरावर, जो तोडीवर असताना हरवला.

बँकेच्या शाखेत गेलो तर तिथं परत अंगठ्याचं मशीन. सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "साहेब, यांचे ठसे उमटत नाहीत, दुसरा मार्ग सांगा." त्यांनी सुरुवातीला मान हलवली, शाखेतून काही होत नाही, सिस्टीमच घेत नाही म्हणाले. आठवड्याभरानं जुलै उजाडला आणि सरकारनं जनधन खात्यांच्या केवायसीसाठी गावोगावी शिबिरं लावली, ती १ जुलै २०२५ पासून सुरू झाली. आमच्या ग्रामपंचायतीत ती माणसं आली तेव्हा मी पहिल्या नंबरला होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागदी फॉर्म काढला, फोटो चिकटवला, आधारची झेरॉक्स जोडली, आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. सासूबाईंनी अंगठा टेकवला. कागदावर निळा डाग उमटला, मध्ये पांढरा, रेषा नसलेला. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही. तेवढ्यावर खातं चालू झालं.

खातं चालू झालं म्हणजे हप्ता आपोआप येतो असं मला वाटलं होतं. तसं नाही. परत गेलेल्या हप्त्याचा आदेश पंचायत समितीतून नव्यानं तयार करावा लागतो. खातं चालू असल्याचं पासबुक-पान आणि अर्ज नेऊन दिला, पोच घेतली, आणि दर सोमवारी जात राहिले. चौथ्या सोमवारी टेबलावरच्या मुलानं मला बघूनच कॉम्प्युटर उघडला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरा हप्ता पडला. रोजगार हमीच्या ९० दिवसांचं मस्टर (हजेरीपत्रक) अजून निम्मंच निघालंय. त्या वर्षीच्या ३१२ रुपये दरानं ते पूर्ण २८ हजारांच्या वर होतात, ही रक्कम लोक विसरून जातात आणि कुणी आठवणही करून देत नाही. मागा. घरकुलाला ५ ब्रास वाळू फुकट आहे, तिचा पास तहसीलमधून मिळाला. वाहतूक मात्र आपल्या खिशातून.

मुलाचं आधार जुलैत अपडेट होऊन आलं. सप्टेंबरच्या धान्याला पाचही नावं होती, २५ किलो.

राहिलं ते एवढं: मे महिन्याचं १० किलो आणि जून ते ऑगस्टचं मुलाचं १५ किलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात, हक्काचं धान्य दिलं नाही तर राज्य सरकारनं त्याच्या बदल्यात पैसे द्यायचे आहेत, त्याला अन्न सुरक्षा भत्ता म्हणतात. अट अशी, की त्या महिन्यात माणूस धान्य मागायला दुकानात गेलेला असला पाहिजे. मी गेले होते, पावती आहे. २३ घरांपैकी १७ जणींचे अर्ज मी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावानं लिहून दिले. काही जणी म्हणाल्या, जाऊ दे बाई, आता मिळतंय ना. त्यांच्यावर मी जबरदस्ती केली नाही. पण गेलेलं २५ किलो माझ्या लेकराच्या आणि त्याच्या आज्जीच्या ताटातलं होतं, त्यावर पाणी सोडायला माझं मन तयार नाही.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. अर्जाची पोच आणि मेच्या पावतीची झेरॉक्स मंजुरीपत्राच्या पिशवीत ठेवलीय, आणि ती पिशवी आता नव्या भिंतीतल्या कोनाड्यात. भिंती खिडकीच्या वर आल्यात.